उतारू कुठे उतरला?

'डॅशबोर्ड' म्हटले की आपल्याला मोटारीतल्या तबकड्या आणि काटे आठवतात. मूळ शब्द मात्र घोडागाडीचा आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढे जी फळी लावत, तिला डॅशबोर्ड म्हणत. मोटारीत त्याच जागी वेग आणि इंधन दाखवणारे काटे आले. आता संगणकाच्या पडद्यावर अनेक आकडे चित्ररूपाने एकत्र दाखवणाऱ्या फलकालाही तेच नाव मिळाले आहे. मोठ्या शहरांतल्या बस आणि रेल्वे चालवणाऱ्या संस्था अशा फलकांवर पाहतात : किती उतारू, कोणत्या वेळी, कुठून कुठे गेले? फलक नवा आहे, पण हा प्रश्न घोडागाडीच्याच काळातला आहे.

आयर्लंडमध्ये १८३४ साली डब्लिन ते किंग्स्टाउन हा पहिला छोटा लोहमार्ग सुरू झाला. पुढचे मार्ग कुठे टाकावेत? त्यासाठी नेमलेल्या आयोगाकरिता हेन्री ड्रूरी हार्नेस या लष्करी अभियंत्याने १८३७ मध्ये काही नकाशे तयार केले. त्यांपैकी एकात नियमित धावणाऱ्या सार्वजनिक गाड्यांतले उतारू दाखवले होते. ज्या रस्त्यावर उतारू जास्त, त्यावरचा पट्टा रुंद. कमी, तिथे अरुंद. आकड्यांचे कोष्टक वाचताना जे ध्यानात येत नाही, ते या नकाशात एका नजरेत दिसते.

पण पट्ट्याची रुंदी सगळे सांगते का? समजा, अ गावाहून १०० उतारू घेऊन गाडी निघाली आणि ड गावी १०० उतारू घेऊन पोचली. वाटेत ८० जण उतरले आणि तिथेच दुसरे ८० चढले. गाडी सगळीकडे तितकीच भरलेली, पण अ ते ड असा पूर्ण प्रवास करणारे फक्त २०! फ्रेंच अभियंता शार्ल जोझेफ मिनार याने १८४० च्या दशकात नेमका हाच मुद्दा लावून धरला. लोहमार्ग आखताना केवळ दोन टोकांच्या मोठ्या शहरांकडे पाहू नका, मधल्या स्थानकांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचा विचार करा, असे त्याचे म्हणणे होते. दिजाँ ते म्युलूझ हा लोहमार्ग व्हायचा होता, तेव्हा त्या भागातल्या सार्वजनिक गाड्यांच्या उतारूंचा पट्ट्यांचा नकाशा त्याने १८४५ मध्ये काढला.

म्हणजे उतारू कुठे चढला एवढे पुरत नाही, तो कुठे उतरला हेही कळायला हवे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९९४ मध्ये चुंबकीय पट्टीचे कार्ड आले. आत जाताना ते यंत्रातून सरकवायचे. बाहेर पडताना काहीच नोंद होत नसे. मग उतरण्याचे ठिकाण कसे शोधायचे? २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन गृहीतके वापरली गेली. पहिले, माणूस पुढचा प्रवास बहुधा जिथे उतरला तिथूनच सुरू करतो. दुसरे, दिवसाच्या शेवटी तो बहुधा सकाळी निघाला त्या स्थानकावर परततो. सकाळी एकाच कार्डाची नोंद अ स्थानकावर आणि संध्याकाळी ब स्थानकावर असेल, तर तो सकाळी ब ला आणि रात्री अ ला उतरला असणार. बहुतेकांना हे लागू पडते. पण कोणी मित्राच्या मोटारीतून घरी गेला असेल तर उत्तर चुकते. पडद्यावरचा आकडा कितीही नेमका दिसला, तरी त्यात असे अनुमान मिसळलेले असू शकते.

लंडनमध्ये २००३ साली 'ऑयस्टर' कार्ड आले. तिथल्या भुयारी रेल्वेत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा नोंद होते. मग आता तरी उतारूला काय हवे ते कळले का? फेब्रुवारी २०१४ मध्ये कर्मचाऱ्यांच्या दोन दिवसांच्या संपामुळे बरीच स्थानके बंद राहिली आणि लोकांना दुसरे मार्ग शोधावे लागले. शॉन लार्कम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स या संशोधकांनी संपापूर्वीच्या, संपातल्या आणि संपानंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. संप मिटल्यावर सुमारे ५ टक्के उतारू जुन्या मार्गाकडे परतलेच नाहीत! नवा मार्ग त्यांना अधिक सोयीचा वाटला असला पाहिजे. त्या रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा प्रमाणात काढलेला नाही, आणि जिथे तो प्रत्यक्ष अंतरांपासून जास्त दूर जातो, तिथल्या लोकांना या बदलाचा लाभ अधिक झाला. संपापूर्वीच्या नोंदींवरून कोणीही म्हटले असते, 'लोकांना हाच मार्ग पसंत आहे.' प्रत्यक्षात ती निदान काहींची नुसती सवय होती.

आणि ज्यांची नोंदच होत नाही त्यांचे काय? हार्नेसच्या या नकाशात पायी जाणारे नव्हते, आजच्या फलकावरही नसतात. एखाद्या वाडीला गाडीच जात नसेल, तर तिथले तिकीट फाटणार नाही आणि आकडा शून्य येईल. त्या शून्याचा अर्थ 'गरज नाही' असा लावला, तर गाडी कधीच सुरू होणार नाही.

हा प्रयोग वर्गात करता येईल. विद्यार्थी कोणत्या गावाहून किंवा वस्तीतून येतात ते विचारा आणि परिसराच्या नकाशावर ५ विद्यार्थ्यांना १ मिलिमीटर या प्रमाणात पट्टे काढायला सांगा. एस. टी. ने येणारे एका रंगात दाखवा. मग पायी येणाऱ्यांचे पट्टे दुसऱ्या रंगात काढा आणि त्यांना विचारा, 'गाडी असती तर तिने आला असता का?' पहिल्या रंगाचा नकाशा तिकिटांच्या हिशोबातूनही काढता आला असता. दुसरा मात्र विचारल्याशिवाय काढता येणार नाही.