पालघरच्या भूमीचे दप्तर

पोर्तुगीज अमलात, पुढे पेशवाईत आणि नंतर इंग्रज सरकारच्या ठाणे जिल्ह्यात, वसईपासून तारापूर-डहाणूपर्यंतच्या या मुलखाच्या जमिनीची मोजणी झाली, महसूल ठरला, जमाबंदीचे कागद तयार झाले. परंतु त्याच जमिनीखालच्या खडकांच्या हालचालीची नोंद ठेवण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही. मे १६१८ मध्ये मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर जो अनर्थ ओढवला, तो जुन्या भूकंपसूचीत भूकंप म्हणून दाखल झाला आणि पुढील अभ्यासकांनी तो चक्रीवादळाचा ठरविला, एवढ्यावरूनच हे दप्तर किती अपुरे होते हे ध्यानी येते.

भारतीय भूपट्टाची उत्तर सीमा येथून फार दूर, हिमालयापाशी आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे ५ सेंटिमीटर गतीने सरकणारा हा भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाला रेटतो, आणि त्या संघर्षाचा ताण द्वीपकल्पाच्या अंतर्भागात पोहोचून, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाखाली दडलेल्या पुरातन विभंगांवर साचत राहतो. कोकनेर, सातिवली, वज्रेश्वरी येथपासून थेट राजापूरपर्यंत रांगेने आढळणारी उष्णोदकाची कुंडे कोकणचा हा पाषाण खोलवर भेगाळलेला असल्याची साक्ष देतात.

दख्खनचे पठार अचल आहे ही समजूत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने मोडली. त्या वेळी तारापूरच्या अणुवीज केंद्राची उभारणी चालू होती. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी ते कार्यान्वित झाले, आणि बोईसरभोवती कारखान्यांची वसाहत वाढत गेली. १९८३ मध्ये भातसा जलाशयाच्या परिसरात धक्के बसले, १९९३ मध्ये किल्लारी उद्ध्वस्त झाली, आणि नोव्हेंबर २०१८ पासून, तारापूरच्या ईशान्येस सुमारे ३० किलोमीटरवर, डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या टापूत धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने पालघर जिल्ह्याचे नाव सर्वतोमुखी केले. धक्के बहुधा लहान, परंतु उथळ असल्याने गडगडाटासह जाणवणारे होते. १ फेब्रुवारी २०१९ च्या ४.१ तीव्रतेच्या धक्क्यात घराबाहेर धावताना एक दोन वर्षांची बालिका पडून मृत्यू पावली, आणि भिंतींना तडे गेलेल्या घरांतील आदिवासी कुटुंबांनी थंडीच्या रात्री तंबूंत काढल्या. भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब आणि जुना ताण यांच्या संयोगातून हे घडत असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

येथे लोकांचा धीर अपुरा पडला नाही. अपुरी पडली ती नोंद. अणुवीज केंद्र आणि कारखान्यांची वसाहत ज्या भूमीवर उभी आहे, तिच्यावरील भूकंपमापक यंत्रे धक्के शांत झाले म्हणून उचलली जाऊ नयेत, प्रत्येक ग्रामपंचायतीने धक्क्यांची आणि तडे गेलेल्या घरांची वही कायम ठेवावी, आणि सरकारी घरकुलाची भिंत आडव्या पट्ट्यांनी बांधून काढल्याखेरीज तिचे देयक मंजूर होऊ नये, एवढी या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.