बुलढाणा जिल्ह्यातील वाहनांच्या सुट्या भागांचे पुनर्निर्माण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वाहनाचा झिजलेला भाग दुरुस्त करणे आणि त्याचे पुनर्निर्माण करणे या क्रिया व्यवहारात एकच मानल्या जातात. औद्योगिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत भेद आहे. दुरुस्तीत ज्याचा भाग त्यालाच परत मिळतो. पुनर्निर्माणात जुना भाग जमा करून त्याऐवजी मूळ निकषांनुसार तयार केलेला दुसरा भाग हमीसह मिळतो. ही अदलाबदल बुलढाणा जिल्ह्यात कोठे रुजली व कोठे रुजली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बुलढाणा हा मोटारी बनविणारा जिल्हा नव्हे. १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्ग झाला तो कापसासाठी. जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांमुळे फिटरकाम येथे परिचित होते. पुढे मलकापूर, नांदुरा, खामगाव या मार्गाने जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ वर (आताचा क्र. ५३) ट्रकची वर्दळ वाढली. आयात-निर्बंधांच्या काळात नवा भाग दुर्मीळ व महाग असे. त्यामुळे सिलिंडर रिबोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविणे, क्रँकशाफ्ट ०.२५ मि.मी.च्या टप्प्यांनी ग्राइंड करणे हे नित्याचे झाले. साधारणतः चौथ्या टप्प्यानंतर क्रँकशाफ्ट भंगारात जाई. हे कौशल्य होते की टंचाईची सक्ती? प्रस्तुत लेखकाच्या मते सक्तीतूनच कौशल्य आले.

परंतु ही दुरुस्तीच होती. अदलाबदलीची पद्धत प्रथम पद्धतशीरपणे राबविली ती एस. टी.ने, असे म्हणता येईल. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. विभागीय कार्यशाळा आणि दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा अशी त्याची रचना. इंजिन निकामी झाल्यास बस तिष्ठत न ठेवता तयार इंजिन बसवावयाचे व उतरविलेले कार्यशाळेत पाठवावयाचे, हे त्यामागील तत्त्व. टायरही याच न्यायाने रिमोल्ड होऊन फिरत राहिले. सर्व गाड्यांचा मालक एकच असल्याने कोणाचे इंजिन कोणाला गेले, हा वादच नव्हता.

खाजगी ट्रकमालकाची स्थिती निराळी होती. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो व नोंदणी पुस्तिकेतही असतो. ब्लॉक बदलल्यास परिवहन कार्यालयात फेरनोंद करावी लागते. शिवाय आपला ब्लॉक किती वापरला गेला हे मालकास ठाऊक असते, दुसऱ्याचा नसते. म्हणून तो लेथसमोर बसून आपलाच ब्लॉक परत नेई. अमेरिकेत कॅटरपिलर कंपनीने १९७३ मध्ये पुनर्निर्माणाचा व्यवसाय सुरू केला. भारतात टाटा मोटर्सने ‘प्रोलाइफ’ या नावाने पुनर्निर्मित भाग उपलब्ध केले. या वाढीचा पाया यंत्रसामग्रीइतकाच हमीपत्रावर आहे, आणि नेमके तेच लहान कारागिरास देता आले नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाले. नव्या डिझेल इंजिनातील इंजेक्टर विद्युत-नियंत्रित असतात; त्यांच्या तपासणीस विशेष चाचणी यंत्र व संगणक लागतो. केवळ हाताच्या अंदाजावर ते काम होत नाही. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याविषयीच्या नियमांमुळे जुने भाग अधिकृतपणे गोळा होण्याची वाट खुली झाली. मात्र तो माल ग्रामीण लेथपर्यंत पोहोचेलच असे नाही. ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी २०२३ चे कडक प्रदूषण निकष ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना लागू झाले. त्याखालील साध्या पंपाच्या इंजिनांना रिबोअर अजूनही चालते.