घोरपड नव्हे, माळ : नवशिक्या प्रस्तरारोहकासाठी कड्यांचा इतिहास

सिंहगड म्हटले की अनेकांना तानाजीच्या आधी घोरपड आठवते. तिचे नाव यशवंती, तिच्या कमरेला दोर आणि त्या दोरावरून कडा चढून गेलेले मावळे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे ही घोरपड महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली आणि तेथून हलायला तयार नाही. कथा सुरेख आहे. परंतु कडा चढायला शिकू पाहणाऱ्याला ती थोडी घातकच ठरते. पकड घट्ट आणि छाती निधडी असली की कडा सर होतो, एवढेच तिच्यातून त्याच्या मनावर ठसते. काही किलो वजनाचे जनावर माणसाचा भार पेलणार कसे, हा साधा प्रश्नही मग कोणी विचारत नाही.

४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीचे दुसरे एक वर्णन उपलब्ध आहे. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवकाल डोळ्यांनी पाहिलेला माणूस. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास जिंजी येथे त्याने बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाही. तेथे आहेत दोन निवडक मावळे. हे दोघे आधी कड्यावर चढले, वानरे चढतात तसे, असे सभासद सांगतो. वर पोहोचल्यावर त्यांनी ‘माळ’ लावली आणि मग तानाजीसह तीनशे माणसे तिच्यावरून गडावर गेली. माळ म्हणजे दोराची शिडी.

प्रस्तरारोहणाच्या दृष्टीने या मजकुराचे मोल फार मोठे आहे. तीनशे जणांत कडा खऱ्या अर्थाने चढले ते दोघेच. उरलेले दोनशे अठ्ठ्याण्णव चढले ते दुसऱ्याने लावलेल्या आधारावर, आणि त्यांत खुद्द सरदारही होता. आपला सेनानी दुसऱ्याच्या दोरावरून वर गेला, हे सांगताना सभासदाला जराही संकोच वाटत नाही. संकोच नंतरच्या पिढ्यांना वाटला असावा. म्हणूनच त्या दोन अनाम माणसांची जागा पुढे एका घोरपडीने घेतली.

तीन वर्षांनी, मार्च १६७३ मध्ये, कोंडाजी फर्जंदाने पन्हाळा घेतला. त्याने सोबत साठच माणसे नेली. फौज हाताशी असताना साठच का? रात्री कड्याखालून चढणाऱ्या तुकडीचा वेग तिच्यातल्या सर्वांत कच्च्या माणसाइतका असतो आणि निसटलेला एक दगडही पहाऱ्याला जागे करायला पुरेसा होतो. कोण जाणार आणि कोण खाली थांबणार, हे ठरवणे कड्यावरच्या कामाचा अर्धा भाग आहे.

आता जालना जिल्ह्याकडे वळू. कड्यांच्या इतिहासात जालन्याचे काय काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्तरेकडे भोकरदनच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेची उतरती टोके दिसतात. बाकी बव्हंशी काळी जमीन, कापूस आणि कुंडलिकेसारख्या नद्यांची उथळ खोरी. असे असले तरी शिवछत्रपतींच्या अखेरच्या मोठ्या मोहिमांपैकी एक जालन्यावरच झाली. नोव्हेंबर १६७९ मध्ये हे धनाढ्य शहर लुटून फौज परतत असता मोगलांनी तिला गाठले. त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडला. पुढे बहिर्जी नाईकाने आडवाटांनी फौज बाहेर काढली आणि महाराज पश्चिमेकडील पट्टा किल्ल्यावर पोहोचले. तेथे विश्रांती मिळाली म्हणून त्याला विश्रामगड म्हणतात. लुटीच्या ओझ्याने जड झालेल्या फौजेला सपाटीवर आसरा नव्हता; तो कळसूबाईच्या रांगेतल्या कातळावर मिळाला. जालन्याच्या तरुणाला कडा चढायचा असेल तर आजही साधारण त्याच दिशेने निघावे लागते.

दगड मात्र दोन्हीकडे एकच आहे. जालन्याची काळी माती ज्या बेसाल्टाच्या झिजेतून तयार झाली, त्याच बेसाल्टाचे कडे सह्याद्रीत उभे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. भूगर्भशास्त्रात त्यांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण, एकसंध थर उभा कडा होऊन राहतो. सच्छिद्र, मऊ थर झिजून त्याची गवताळ पायरी होते. दोन थरांच्या मधे काही ठिकाणी तांबडा, मातकट पट्टा असतो. नवशिक्याने सर्वप्रथम वाचायला शिकावे ते हेच. एकसंध बेसाल्टातली फट बोटांना आणि दोराच्या साधनांना विश्वासाने धरते. सच्छिद्र थरातला मोठा, हाताला सुखावणारा दगड अनेकदा हातातच येतो. गवताळ पायरीवर घसारा असतो आणि तेथे पाय कड्यापेक्षाही सहज सुटतो. म्हणून जाणते आरोहक पकडीवर भार देण्यापूर्वी तिला हाताच्या मुठीने ठोकून पाहतात. पोकळ आवाज आला तर ती सोडून देतात.

आरोहकाचे हे वाचन किल्ला बांधणाऱ्यांना आधीपासून येत होते, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा जालन्याच्या शेजारीच उभा आहे. १ मे १९८१ पर्यंत जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. त्याच जुन्या जिल्ह्यातला देवगिरी. या डोंगराचा खालचा भाग दीडशे फुटांच्या आसपास उभा तासून काढला आहे, आणि त्याच्या पायथ्याशी खंदक. तासण्याचा हेतू उघड आहे: बोटाला खोबण आणि पायाला कंगोरा उरू नये. प्रस्तरारोहणाचे उलटे वाचलेले पाठ्यपुस्तक म्हणावे असा हा कडा. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने लिहिले आहे की वरच्या किल्ल्यावर जायला चामड्याची शिडी होती आणि रात्री ती वर ओढून घेत. चढण्याचे साधन ज्याच्या हाती, गड त्याचा. देवगिरी आणि सिंहगड एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगतात. (देवगिरी संरक्षित स्मारक आहे. तेथे चढण्याचा सराव करण्याचा विचारही मनात आणू नये.)

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. गडाला एकच वाट असू नये, चोरवाटा राखाव्यात, असे त्यात बजावले आहे. वाट ही राज्याच्या मालकीची आणि राज्याच्या जिवावर उठू शकणारी वस्तू होती. कोणाला ती ठाऊक असावी, हाही राजकारणाचाच प्रश्न होता.

इंग्रजांना हे कळायला वेळ लागला नाही. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने शिड्या लावून अहमदनगरची पेठ घेतली. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीने शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगडच्या आतल्या तटाला पुन्हा शिड्या लागल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि खंडाळ्याच्या नागफणीला त्याच्या नाकावरून ‘ड्यूक्स नोज’ हे नाव चिकटले. सह्याद्रीतला हा एक प्रसिद्ध आरोहणमार्ग. त्याचे नाव उच्चारताना असई आठवणारे थोडेच.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, आणि मग जे घडले त्याने आजच्या प्रस्तरारोहणाचा नकाशा ठरवला. किल्ले पुन्हा बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी अनेक ठिकाणी तट पाडले आणि कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. हरिहरचा उभा जिना वाचला. कॅप्टन ब्रिग्जने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. अलंग आणि मदन यांच्या वाटा तुटल्या. आज या दोन किल्ल्यांवर जाताना जो टप्पा दोर लावून चढावा लागतो, तो निसर्गाने दिलेला नाही. तिथे पायऱ्या होत्या. ज्याला आपण साहस म्हणतो, ती पूर्वी रोजची पाणी-धान्य नेण्याची वाट होती.

याच शतकाच्या अखेरीस युरोपात कडा चढणे ही स्वतंत्र आवड झाली. १८८६ मध्ये वॉल्टर हॅस्केट स्मिथ इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील नेप्स नीडल हा सुळका एकटाच चढला. ब्रिटिश प्रस्तरारोहणाचा जन्म तेथून मोजतात. त्या काळी दोर तागाचा किंवा अंबाडीसारख्या धाग्यांचा असे. तो ताणत नसे, झटक्याने तुटे. म्हणून पुढच्या माणसाने पडायचेच नाही, हा अलिखित कायदा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचा दोर आला. तो ताणतो आणि पडण्याचा झटका स्वतःत सामावून घेतो. पडूनही जिवंत राहता येऊ लागले, आणि शिकण्याची रीतच बदलली. याच सुमारास, १९५० च्या दशकात, जॉन गिल या अमेरिकी जिम्नॅस्टने व्यायामशाळेतली मॅग्नेशियमची पांढरी पूड कड्यावर आणली. लहान शिळांवर, दोराशिवाय, एकच अवघड हालचाल पुन्हा पुन्हा करून पाहण्याला त्याने प्रतिष्ठा दिली.

महाराष्ट्रात संघटित गिर्यारोहण १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’च्या स्थापनेने मूळ धरू लागले. त्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि एव्हरेस्ट सर करणारे तेनझिंग तेथे प्रशिक्षण प्रमुख झाले. सैनिकाची विद्या नागरिकाच्या हाती आली ती अशी. पुढे बेलापूरच्या शिळांवर गिरिविहारने स्पर्धा भरवल्या आणि २०१६ व २०१७ मध्ये बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धाच नवी मुंबईत झाली. टोकियोत, २०२१ मध्ये, हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

मग जालन्यासारख्या सपाट जिल्ह्यातल्या मुलाने किंवा मुलीने सुरुवात करायची कोठून? इतिहासाने दिलेला क्रम येथेही लागू पडतो: आधी दुसऱ्याच्या दोरावर. एखाद्या अनुभवी संस्थेच्या शिबिरात, वरून सुरक्षित केलेल्या दोरावर चढावे. त्या काळात चढण्यापेक्षा दोर सांभाळणे शिकणे अधिक मोलाचे. बिले देणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले तर वरचा माणूस कितीही पटाईत असो, उपयोग नाही. हार्नेसला आठाची गाठ मारावी आणि ती जोडीदाराने डोळ्यांनी तपासावी, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरीही.

नवशिक्याचे हात लवकर दमतात, कारण तो हातांवर चढतो. भार पायांवर हवा. हात तोल राखण्यासाठी. दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावा, तीन स्थिर असावेत. पाय ठेवण्याची जागा आधी पाहावी, मग पाय तेथे ठेवावा आणि ठेवल्यावर घासू नये. जिल्ह्यात कडा नसला तरी जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर, शेताकडेच्या एखाद्या मोठ्या शिळेवर आडवे सरकण्याचा सराव करता येतो. त्यातून पायांना शहाणपण येते. घाई मात्र नको. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, बोटांच्या कंडरांना महिनोन्‌महिने लागतात. उत्साहाच्या भरात बोटांच्या टोकांवर लोंबकळून पहिल्याच वर्षी दुखापत ओढवून घेणारे पुष्कळ असतात. पावसाळ्यात शेवाळलेला कातळ वर्ज्य. थंडीतही कड्यावर आग्यामोहोळ नाही ना, हे गावकऱ्यांना विचारून घ्यावे. ते ज्ञान कोणत्याही पुस्तकात मिळत नाही.

उतरण्याचा सराव बहुतेक जण टाळतात. चढताना पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना पायाखालची जागा दिसत नाही आणि शरीर कड्याला चिकटू पाहते. रायगडाच्या हिरकणीची कथा दस्तऐवजांत सापडत नाही, ती लोककथाच मानावी लागते. तरीही ती रचणाऱ्याला कडा ठाऊक होता. त्याने आपल्या नायिकेला कडा चढायला लावला नाही, अंधारात उतरायला लावले. जितके चढलो तितके दोरावर भार न देता उतरून दाखवता आले, तर समजावे की पाय शिकले.

आघाडीने चढण्याची वेळ यानंतर येते, आणि सर्वांवर ती आलीच पाहिजे असे नाही. आघाडीचा आरोहक दोर खालून वर नेतो. तो पडला तर शेवटच्या अडकवणीपासून जितका वर होता, त्याच्या दुपटीहून थोडा अधिक कोसळतो. त्यासाठी लागणारा अंदाज एका मोसमात येत नाही.

अलंगच्या तुटलेल्या पायऱ्यांपाशी शनिवारी-रविवारी गर्दी होते. एक जण वर जातो, दोर पक्का करतो, हाक देतो. मग एकेक करून बाकीचे निघतात. पाठीवर पिशवी, डोक्यावर हेल्मेट, तोंडाने घोषणा. वर गेलेल्यांची छायाचित्रे तासाभरात सर्वत्र पोहोचतात. आधी चढलेला आणि सर्वांत शेवटी उतरून दोर सोडवणारा त्या छायाचित्रांत सहसा नसतो. सभासदानेही त्या दोघा मावळ्यांची नावे लिहिलेली नाहीत.