अक्रोडाच्या पानांतील रासायनिक घटक

अक्रोड (शास्त्रीय नाव: जुग्लान्स रेजिया, कुल: जुग्लँडेसी) या वृक्षाच्या पानांत नॅफ्थोक्विनोन वर्गातील संयुगे, फ्लॅव्होनॉइडे, फिनॉलिक अम्ले, टॅनिने आणि अत्यल्प बाष्पनशील तेल असते. यांपैकी जुग्लोन हे संयुग सर्वाधिक परिचित आहे. अक्रोडाखाली इतर झाडे नीट वाढत नाहीत, या जुन्या समजुतीशी त्याचा संबंध जोडला जातो.

पानाचे स्वरूप
अक्रोडाचे पान संयुक्त व पिसासारखे असून त्यात बहुधा ५ ते ९ दलके असतात. टोकाचे दलक सर्वांत मोठे असते. पान चुरगळल्यास उग्र वास येतो.

जुग्लोन
जुग्लोनच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे ६ व ऑक्सिजनचे ३ अणू असतात. मेंदीच्या पानांतील लॉसोन या रंगद्रव्याचे रेणुसूत्रही हेच आहे. दोहोंत केवळ हायड्रॉक्सिल गटाचे स्थान वेगळे असते.

झाडावरील हिरव्या, अखंड पानात जुग्लोन मुख्यतः मुक्त स्वरूपात नसते. ते हायड्रोजुग्लोन या रंगहीन संयुगाच्या रूपात, ग्लुकोज शर्करेशी बांधलेले असते. पान फाटले किंवा कुजू लागले, की एंझाइमांमुळे शर्करा सुटी होते व हवेतील ऑक्सिजनच्या संयोगाने जुग्लोन तयार होते. अक्रोडाच्या फळाची हिरवी साल सोलणाऱ्यांचे हात काळसर तपकिरी होतात, ते याच प्रक्रियेमुळे. सुटे झालेले जुग्लोनही फार काळ टिकत नाही. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन गडद रंगाचे पदार्थ बनतात. म्हणून वाळलेल्या पानांत जुग्लोन फारच थोडे आढळते.

बाष्पनशील तेल
पानांचे ऊर्ध्वपातन केल्यास मिळणारे तेल वजनाच्या ०.१ टक्क्याहूनही कमी भरते. त्यात मुख्यतः टर्पीन वर्गातील संयुगे असतात: जर्मॅक्रीन-डी, बीटा-कॅरिओफायलीन, पायनीन व लिमोनीन. कॅरिओफायलीन हे मिरी व लवंगेतही असते. प्रदेश, झाडाचा वाण आणि पाने तोडण्याचा हंगाम यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते. बाजारात मिळणारे अक्रोडाचे तेल मात्र गरापासून काढलेले स्निग्ध तेल असून त्याचा या सुगंधी तेलाशी संबंध नाही.

इतर घटक
पानांतील फ्लॅव्होनॉइडे प्रामुख्याने क्वेर्सेटिनची शर्करायुक्त संयुगे असतात. हायपरोसाइड हे त्यांतील एक. कॅफिओइलक्विनिक अम्लांसारखी फिनॉलिक अम्लेही आढळतात. तुरट चव टॅनिनांमुळे येते. ताज्या पानांत क जीवनसत्त्व असते.

इतर वनस्पतींवरील परिणाम
अक्रोडाची सावली घातक असते, असे रोमन लेखक थोरला प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवले होते. जुग्लोन टोमॅटोच्या रोपांना घातक ठरते, हे १९२८ मध्ये प्रयोगाने दाखवण्यात आले. अमेरिकेतील काळ्या अक्रोडाबाबत (जुग्लान्स निग्रा) हा परिणाम विशेष चर्चिला जातो. टोमॅटो व सफरचंद ही पिके संवेदनशील मानली जातात. मका तुलनेने सहनशील असतो.

तथापि मातीतील सूक्ष्मजीव जुग्लोनचे विघटन करतात. त्यामुळे प्रयोगशाळेतील निष्कर्ष बागेला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. दाट सावली आणि पाण्यासाठी मुळांची स्पर्धा यांमुळेही झाडाखालची रोपे खुरटतात. यांतील जुग्लोनचा वाटा किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पालापाचोळा पूर्ण कुजवून मग खत म्हणून वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

उपयोग
युरोपात पानांचा काढा त्वचेचा सौम्य दाह आणि हातापायांना येणारा अतिघाम यांवर बाहेरून लावण्याची परंपरा आहे. युरोपीय औषध संस्थेने या वापरास पारंपरिक वापर म्हणून मान्यता दिली असून, ती दीर्घकालीन अनुभवावर आधारलेली आहे. पाने व हिरवी साल केस आणि लोकर रंगवण्यासाठीही वापरतात. जुग्लोनमुळे त्वचेची आग होऊ शकते. म्हणून ताज्या पानांचा रस जखमेवर लावू नये.