कोंबडी, मधमाशी आणि शेजारी : अमेरिकेतील परसदारी कायद्यांचा इतिहास #थ्रेड

१/१२
एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेतील आर्काडेल्फिया या लहानशा शहराने एक उपविधी संमत केला. मधमाश्या हा सार्वजनिक उपद्रव असून शहराच्या हद्दीत त्या पाळणे गुन्हा ठरेल, असे त्यात म्हटले होते. क्लार्क नावाच्या मधपाळावर याच उपविधीखाली खटला भरला गेला.

२/१२
वरवर पाहता वाद काही पेट्यांचा होता. देशभरातील मधपाळांना मात्र त्याचे गांभीर्य उमगले. हा उपविधी टिकला, तर उद्या कोणतीही नगरपालिका निव्वळ ठराव करून त्यांचा व्यवसाय हद्दपार करू शकली असती. त्यामुळे मधपाळांची राष्ट्रीय संघटना क्लार्कच्या पाठीशी उभी राहिली.

३/१२
प्रकरण आर्कान्सा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १८८९ च्या निकालाचे सार असे : मधमाश्या पाळणे हा मुळात उपद्रव नव्हे. विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट परिस्थितीत तो उपद्रव ठरू शकतो; पण ते वस्तुस्थिती तपासून सिद्ध करावे लागेल. नगरपालिकेने नुसते म्हटल्याने एखादी गोष्ट उपद्रव होत नाही.

४/१२
मात्र सर्वत्र असा विवेक दिसला नाही. लॉस एंजेलिसने १८७९ मध्येच शहरात मधमाश्या पाळण्यावर बंदी घातली होती. मधमाश्या फळबागांची नासाडी करतात, ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात मधमाशी धडधाकट फळाची साल भेदू शकत नाही. उलट तिच्या परागीभवनामुळेच अनेक झाडांना फळ धरते. तरीही ही बंदी शतकाहून अधिक काळ कायम राहिली.

५/१२
आता कोंबडीकडे वळू. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषी खात्याने एक भित्तिपत्रक काढले. घरातील प्रत्येक माणसामागे परसात दोन कोंबड्या असाव्यात, असा त्याचा हिशेब होता. स्वयंपाकघरातील खरकट्यावर कोंबडी जगते आणि घराला अंडी पुरवते. लहानशा परसातील खुराडे हे तेव्हा देशभक्तीचे लक्षण मानले गेले.

६/१२
त्यानंतर अवघ्या काही वर्षांत वारे फिरले. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड या गावाने १९२२ मध्ये जमिनीचे वापरानुसार विभाग पाडले : इथे घरे, तिथे दुकाने, पलीकडे कारखाने. एका जमीनमालक कंपनीने त्यास आव्हान दिले. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला.

७/१२
न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकालपत्रात दिलेला दृष्टान्त पुढे प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा : योग्य वस्तूही अयोग्य जागी असली की उपद्रव होते, जसे गोठ्याऐवजी दिवाणखान्यात आलेले डुक्कर.

८/१२
हा बदल मूलगामी होता. १८८९ चा प्रश्न होता, ‘या पेट्यांमुळे कोणाला इजा झाली का?’ १९२६ नंतरचा प्रश्न झाला, ‘या विभागात हे चालते का?’ पुरावा देण्याचा भार शहरावरून उतरला आणि यादीने पुराव्याची जागा घेतली. निवासी विभागांच्या नियमांतून कोंबड्या आणि मधमाश्या अनेक शहरांत बाहेर फेकल्या गेल्या.

९/१२
या यादीचे टोक न्यूयॉर्कमध्ये दिसले. १९९९ मध्ये शहराच्या आरोग्यसंहितेने पाळण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत मधमाशीचा समावेश केला. सिंह, मगरी आणि विषारी साप यांच्या पंक्तीत ती जाऊन बसली! तरीही इमारतींच्या गच्च्यांवर लोक लपूनछपून पेट्या ठेवत राहिले. अखेर मार्च २०१० मध्ये बंदी उठली; अट एवढीच की पेटीची नोंदणी करावी आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये.

१०/१२
कोंबडीच्या बाबतीत न्यूयॉर्कचा नियम मार्मिक आहे : कोंबडी चालते, कोंबडा चालत नाही. अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबड्याची गरज नसते. तो लागतो केवळ पिल्लांसाठी. त्यामुळे पहाटेचे आरवणे वगळूनही घरची अंडी मिळतात. सिएटलने २०१० मध्ये कोंबड्यांची मर्यादा ३ वरून ८ केली, तेव्हा कोंबड्याला मात्र मज्जाव केला.

११/१२
लॉस एंजेलिसची जुनी बंदी २०१५ मध्ये संपली. भूखंडाच्या दर २,५०० चौरस फुटांमागे एक पेटी आणि जवळ पाण्याची सोय, असे नवे नियम आले. पाण्याची अट कशासाठी? जवळ पाणी नसेल, तर मधमाश्या शेजाऱ्याच्या नळावर जमतात. पेटीसमोर उंच कुंपण असावे, असेही अनेक शहरे सांगतात. त्यामुळे माश्या उंच उडतात आणि माणसांच्या डोक्यावरून निघून जातात.

१२/१२
आर्काडेल्फियाच्या निकालातील सूत्र असे फिरून परत आले. या नियमांत प्राण्याला दोषी धरलेले नाही. आवाज, घाण, दंश, गर्दी अशा एकेका त्रासावर स्वतंत्र उपाय योजला आहे. भयापोटी केलेली बंदी लिहायला एक ओळ पुरते. शेजारधर्म सांभाळणारा नियम लिहायचा, तर आधी त्या जिवाची सवय समजून घ्यावी लागते. लॉस एंजेलिसला त्यासाठी १३६ वर्षे लागली.