वडिलोपार्जित रुपयाची पारख

जुन्या पेटीच्या तळाशी अथवा आजीच्या गळ्यातील माळेत चांदीचा रुपया निघाला, म्हणजे आमचे ज्ञातिबांधव बहुधा चांदीचा भाव विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा आहे. हा रुपया कोणाचा व केव्हाचा? त्याचे उत्तर नाण्यावरच असते.

प्रथम कडा पाहावी. नाणे पूर्ण गोल व कडेवर सारख्या रेघा असतील, तर ते यंत्रावर पाडलेले ‘कलदार’ होय. कंपनी सरकारने १८३५ च्या कायद्याने आपल्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा रुपया ठरविला. त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे. आजच्या मापाने हे वजन ११.६६ ग्रॅम भरते. त्यावर आधी चौथ्या विल्यमचा व १८४० पासून व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला. मात्र १८४० हाच आकडा पुढे १८६१ पर्यंत कायम राहिला. सबब केवळ आकड्यावरून नाण्याचे वय ठरवू नये.

याउलट नाणे जाड, ओबडधोबड व फारसी अक्षरांचे असेल, तर ते हातोड्याने ठोकलेले आहे. ठसा चकतीहून मोठा असल्याने सारा मजकूर एका नाण्यावर उमटत नसे. त्यावर अंकुश दिसल्यास तो मराठी मुलखातील ‘अंकुशी’ रुपया समजावा. फसली सालात ५९० मिळविले की सुमारे इसवी सन येतो. समजा, साल १२४० निघाले, तर ते १८३० होय. तेव्हा नाण्यावर नाव असलेल्या शाह आलम बादशहास वारून २४ वर्षे व पेशवाई बुडून १२ वर्षे लोटली होती. तरीही पुण्याच्या टांकसाळीत कंपनी तोच छाप पाडीत होती. राज्य बदलले, पण बाजाराचा विश्वास जुन्या छापावरच होता. केवढा हा इतिहास एका तळहातावर!

यानंतर प्रत ठरवावी. ज्या भागास उठाव अधिक, तो आधी झिजतो. म्हणून राणीच्या कानावरील केस व गाल भिंगातून पाहावेत. केसांच्या बटा वेगळ्या दिसल्या तर प्रत चांगली. नुसती बाह्यरेषा उरली असेल तर हलकी. सराफाने मारलेली खूण, डाक देऊन बसविलेली कडी व भोक यांनीही प्रत उतरते. पण सर्वांत मोठी हानी आपणच करतो. लक्ष्मीपूजनास रुपया चिंचेने वा रांगोळीने घासून लख्ख करण्याची चाल आहे. त्यात शतकाची काळसर झाक व बारीक रेषा दोन्ही जातात आणि ती पुन्हा येत नाहीत. रुपया पूजेस अवश्य मांडावा. घासू मात्र नये.

शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते व खाजगी रीतीने परदेशी नेता येत नाही. परंतु घरच्या मुशीपासून त्याचे रक्षण कोणता कायदा करणार? वितळलेल्या चांदीला वजन असते, वंश नसतो. यास्तव प्रत्येक कुटुंबाने असा रुपया कागदात गुंडाळून, तो कोणाकडून कोणाकडे आला हे त्यावर लिहून ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.