पाच अवयव की तीन? ‘मणिमेकलै’तील तर्क आणि सिद्धतेच्या रचनेचा इतिहास

कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टै या गावी १८७१ साली जन्मलेले इतिहासकार एस. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२८ साली ‘मणिमेकलै’ या तमिळ बौद्ध महाकाव्याच्या ऐतिहासिक पार्श्वभूमीवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. काव्याची मूळ संहिता उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात तमिळ शिकवीत असताना, १८९८ मध्ये, संपादून छापली होती. या काव्याचे तर्कप्रधान सर्ग काव्यदृष्ट्या रुक्ष म्हणून रसिक सहसा ओलांडून जातात. अय्यंगारांनी मात्र नेमक्या त्याच सर्गांचा अनुवाद केला आणि काव्याचा काळ ठरविण्यासाठी त्यांतील अनुमानाची रचना हाच पुरावा मानला.

एकोणतिसाव्या सर्गात कांचीमध्ये अरवण अडिगळ नायिकेला प्रमाणविचार शिकवतात. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे ते स्वीकारतात. अनुमानाचे अवयव मात्र पाच सांगतात: पक्ष, हेतू, दृष्टान्त, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जसे स्वयंपाकघर, हा पर्वतही तसाच धुराने युक्त आहे, म्हणून तो अग्निमान आहे. लगेच पुढे कवी चात्तनार म्हणतो की, शेवटचे दोन अवयव दृष्टान्तातच सामावतात. त्यानंतर येते सदोष अनुमानांची यादी: पक्षाचे नऊ, हेतूचे चौदा, दृष्टान्ताचे दहा दोष.

ही तेहतीस दोषांची व्यवस्था संस्कृत ‘न्यायप्रवेशा’तही तशीच आढळते. त्यावरून कुप्पुस्वामी शास्त्री यांनी तमिळ सर्ग त्या ग्रंथावर आधारलेला ठरविला. अय्यंगारांना हे मान्य नव्हते. पाच अवयवांची गणना करून मग दोन आत घेणे ही संक्रमणावस्था आहे, दिङ्नागाने तीन अवयव रूढ करण्यापूर्वीची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. विशेष म्हणजे बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ‘न्यायप्रवेशा’ची तिबेटी संहिता १९२७ मध्ये आली होती, आनंदशंकर ध्रुव यांनी संपादिलेला संस्कृत पाठ मात्र १९३० मध्ये, म्हणजे अय्यंगारांच्या ग्रंथानंतर छापला गेला.

आज बहुतेक अभ्यासक हा सर्ग ‘न्यायप्रवेशा’नंतरचा मानतात, आणि मलाही अय्यंगारांचा काळनिर्णय टिकणारा वाटत नाही. पाचाकडून तीनाकडे अशी सरळ वाटचाल त्यांनी गृहीत धरली. प्रत्यक्षात नैयायिकांनी पाच अवयव कधीच सोडले नाहीत. सतराव्या शतकातला अन्नंभट्टही ‘तर्कसंग्रहा’त ते पाचच सांगतो. तेव्हा पाचांचा उल्लेख प्राचीनतेची खूण ठरत नाही. प्रतिपक्षाची परिभाषा समोर ठेवून तिचा संकोच करण्याचा तो वादपद्धतीतला डावही असू शकतो. पण अय्यंगारांनी पकडलेला प्रश्न खरा होता: सिद्धतेतील कोणती पायरी स्वतंत्र विधान आहे आणि कोणती केवळ एका विधानावरून दुसऱ्यावर जाण्याची रीत?

हाच प्रश्न त्या सुमारास युरोपात गणिती अंगाने उभा राहत होता. वॉर्सात यान वुकाशेविच यांनी १९२६ साली आपल्या चर्चासत्रात गणितज्ञांच्या प्रत्यक्ष सिद्धतांना, म्हणजे गृहीतक धरून पुढे जाण्याच्या त्यांच्या रीतीला, नियमांचे रूप कसे द्यावे हा प्रश्न मांडला. स्तानिस्लाव यास्कोव्स्की यांचे उत्तर १९३४ साली प्रसिद्ध झाले. स्वतंत्रपणे गोटिंगनमध्ये गेरहार्ड गेंट्झेन यांनी प्रत्येक तार्किक शब्दासाठी प्रवेशाचा आणि निरासाचा असे जोडनियम दिले. त्यांच्या १९३४-३५ मधील निबंधापासून सिद्धतांच्या रचनेचे शास्त्र सुरू झाले असे मानतात. वुकाशेविच यांच्याच वर्तुळातील भारतविद्यावंत स्तानिस्लाव शायर यांनी १९३२-३३ मध्ये भारतीय अनुमान नव्याने वाचले. मुंबई संस्कृत मालेतील ‘तर्कसंग्रहा’च्या १८९७ च्या आवृत्तीत यशवंत वासुदेव आठल्ये यांनी जी तुलना केली, ती अ‍ॅरिस्टॉटलच्या संवाक्याशी होती. शायर यांना पंचावयवात संवाक्य नव्हे, तर सिद्धतेचे टप्पे दिसले: दृष्टान्तात सामान्य नियम, उपनयात त्याचे या पर्वतावर उपयोजन, निगमनात निष्कर्षाची सुटका.

या वाचनाने चात्तनाराच्या त्या वाक्याला वेगळाच अर्थ येतो. उपनय आणि निगमन दृष्टान्तात सामावतात, म्हणजे ते विधाने म्हणून गळतात आणि नियमाची कृती म्हणून उरतात. मात्र येथे तुलनेचा उत्साह आवरायला हवा. गेंट्झेन यांचा प्रमुख सिद्धान्त सांगतो की, मधल्या साहाय्यक विधानाचा वळसा प्रत्येक सिद्धतेतून काढून टाकता येतो. पण वळसा काढल्यावर सिद्धता बहुधा लांबते, कधी प्रचंड लांबते. अरवण अडिगळांची सिद्धता आखूड होते, कारण ऐकणारी नायिका उरलेल्या पायऱ्या मनात स्वतःच चढते. तमिळ सर्ग असा श्रोत्याच्या भरवशावर उभा आहे. गोटिंगनच्या नियमांत श्रोत्याला जागाच ठेवलेली नाही.